असरच्या दोन बांगा

बायकांना जत्रेत वेळेचं भान राहत नाही, असं माझे सासरे म्हणायचे. एकदा म्हणून थांबले असते तर मी विसरूनही गेले असते. पण शिवरात्र जवळ आली की त्यांचं हे पालुपद सुरू व्हायचं आणि जत्रेहून घरी येईपर्यंत चालायचं. मी कोंबड्याच्या आधी उठून जात्यावर बसणारी. सूर्य कासराभर वर आल्यावर सासरे ओसरीवर बसून दात घासायचे, तोवर माझ्या भाकरी थापून झालेल्या असायच्या. आणि वेळेचं भान मला नाही!

आमचं गाव मांजरसुंब्याच्या घाटावर. निजामाचा अंमल होता. बीडच्या बाजूला पाण्यात उभं असलेलं महादेवाचं देऊळ आहे, तिथं शिवरात्रीला मोठी जत्रा भरे. वर्षभर घरात कोंडलेल्या आम्हा बायांना मोकळं सोडायची ती एकच जागा. देवळाच्या भोवतीच्या पाण्यात पायरीवर बसून मनसोक्त डुंबायचं, मग ओल्या लुगड्यानं दर्शन, मग मिठाईची आणि बोरांची दुकानं, मग लाकडी पाळणा. चार खोक्यांचा तो पाळणा दोन गडी हातांनी फिरवत, आणि वर गेलं की पोटात गोळा यायचा. बायका किंचाळायच्या. घरी मोठ्यानं हसायचीही चोरी, तिथं किंचाळलं तरी कुणी हटकत नसे. म्हणून तर सासऱ्यांना घाई.

सासऱ्यांकडे चांदीचं खिशातलं घड्याळ होतं, हैदराबादेहून कुणी नातलगानं आणून दिलेलं. सगळ्या गावात तेवढं एकच. चारचौघांत बसले की ते काढून बघत, मग आभाळाकडे बघत, आणि सूर्य वेळेवर असल्यासारखी मान हलवत. आम्हाला मात्र त्याला हात लावायची परवानगी नव्हती. जत्रेला निघताना ते बजावत, "बायांना घड्याळ कळत न्हाई, बांग कळती. असरची बांग झाली की गाड्यांपाशी यायचं. मागं राहील ती राहील."

बांग कळे हे खरं. तेव्हा आमच्याकडे सगळे बांगेवरच वेळ सांगत. आमच्या घरात कुणी नमाज पढत नव्हतं, पण फजरला उठायचं, असरला रानातून निघायचं आणि मगरीबला दिवा लावायचा. असर म्हणजे दिवस कलल्यावरची, संध्याकाळच्या अलीकडची वेळ. ती सांगायला घड्याळ कशाला लागतं? शिवाय जत्रेत आमचं आमचं एक घड्याळ होतंच. माझी थोरली जाऊ पाण्यातून वर आली की पदर पिळायची आणि म्हणायची, "पदर वाळला की दुकानं, निऱ्या वाळल्या की गाड्या." निऱ्यांचे थर जाड, त्या अंगावर वाळायला दिवस कलावा लागे. जावेचा हा हिशेब कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

त्या साली मला जत्रेची ओढ होती ती पाळण्यासाठी नाही, पाण्यासाठीही नाही. माझी माय येणार होती.

माझं माहेर सिरसाळ्याकडचं. लग्नात मानाचा फेटा सासऱ्यांच्या डोक्याला बांधायला उशीर झाला. दुसऱ्या कुणाला आधी बांधला, की पाटावर बसायला हेच उशिरा आले, ते देव जाणे. पण त्यावरून हे रुसले, आणि मूल झाल्याशिवाय पोरीला माहेरी धाडणार नाही असं भर मांडवात सांगून बसले. लग्न होऊन दोन पावसाळे गेले होते. पंचमी गेली, दिवाळी गेली, बोलवायला आलेला भाऊ दोन्ही वेळा पाणी पिऊन परत गेला. मायनं यावं म्हणावं, तर लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपली रीत. म्हणजे मूल नाही म्हणून मी जायचं नाही, आणि मूल नाही म्हणून तिनं यायचं नाही. ज्यानं कुणी हे दोन्ही नियम एकाच पोरीवर लादले, त्याला मी आजही भेटले तर विचारीन, की बाबा, तुझी आई कुठं होती?

मग मायनंच वाट काढली. आमच्या दोन्ही गावांना फिरणारा एक मनियार होता, बांगड्या भरायला यायचा. माझ्या हातात चुडा भरता भरता तो हळूच म्हणाला, "सिरसाळ्याच्या बायका जत्रेला निघाल्यात. तुझी माय बी हाय. वाटेत मुक्काम करून येणार. असरच्या बांगेच्या आधी पाळण्यापाशी थांब म्हणली." मी हात मागं ओढला आणि एक बांगडी फुटली. तो हसला आणि दुसरी भरली.

जत्रेच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पाण्यातून वर आले. जावेला सारं सांगितलं होतं. ती बाई तशी भली, पण सासऱ्यांपुढे तिच्या तोंडाला कुलूप. आम्ही देवाला बेल वाहिला, रताळी खाल्ली आणि पाळण्यापाशी जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. बसून बसून पाळण्यावाला आमच्याकडे बघायला लागला, तेव्हा जाऊ म्हणाली, "चल, बसू एकदा. वरून रस्ता तरी दिसंल."

खरंच दिसला. खोकं वर गेलं की सिरसाळ्याकडून येणारी वाट थेट लांबपर्यंत दिसे. पहिल्या फेऱ्याला नुसती वाट. दुसऱ्याला धूळ. तिसऱ्याला धुळीत बैलांची शिंगं, एकामागं एक गाड्या. मी वरून ओरडले, "आल्या! आल्या गं!" आणि खोकं खाली आलं. तेवढ्यात बांग झाली.

जाऊ उठून उभी राहिली. मी तिच्या निऱ्या हातात धरल्या. चांगल्या ओल्या होत्या, पिळल्या असत्या तर पाणी निघालं असतं. माझ्याही ओल्याच. मी म्हणाले, "अक्का, ही असर न्हाई. दिवस बघा की."

तिनं आभाळाकडे बघितलं. तिलाही कळलं, मी तिचा चेहरा बघत होते. "बांग तर झाली," एवढंच ती म्हणाली आणि माझं मनगट धरून चालू लागली.

ती बांग कुठली होती, ते मला पुढं मनियारानं सांगितलं. निजामाच्या चाकरीतले काही अरब शिपाई जत्रेच्या बंदोबस्ताला देवळाच्या अंगाला उतरले होते. त्यांच्या रिवाजाप्रमाणे असर लवकर होते. गावच्या मशिदीत सावली पुरती लांबल्याशिवाय असरची बांग होत नाही. दोन्ही बांगा खऱ्या, दोन्ही असरच्याच, आणि दोहोंच्या मधे माझी माय धुळीतून येत होती.

गाड्यांपाशी सासरे आधीच उभे. बांग ऐकून त्यांनी घड्याळ काढलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. घड्याळात असर झाली नव्हती, दुसरं काय! आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा, काहीतरी चुकतंय. यांनी काय करावं? घड्याळाचा कान पिळला, काटा पुढं सरकवला आणि खिशात टाकलं. माझ्या देखत. मग वर म्हणाले, "घड्याळ बी हेच सांगतंय. जुपा."

माझे मालक बैल जुपत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बैलाच्या वशिंडाकडे बघत राहिले.

गाडी निघाली. मी मागं तोंड करून बसले होते. पाळणा लहान लहान होत गेला. नदी ओलांडून आम्ही पलीकडचा चढ चढलो, आणि मागून गावच्या मशिदीची बांग आली. लांबून, पण स्वच्छ. गाडीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. बैल हाकणाऱ्यानं ऐकली, जावेनं ऐकली. माझ्या निऱ्या आता कुठं वाळत आल्या होत्या.

मी म्हणाले, "मामाजी, असर आत्ता झाली."

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. त्यांनी माझ्याकडे न बघता जावेला सांगितलं, "तिला म्हणावं, घड्याळ बघून निघालोय."

"घड्याळ तुमी फिरवलं. मी बघितलं."

सासरे वळले. "कावून एवढी घाई माघारी जायची? कोण हाय तिथं?"

"माझी माय हाय."

"घाट दिवसाउजेडी चढायचा हाय," ते म्हणाले. "बायकांच्या भेटीगाठीला गाड्या थांबत न्हाईत."

मी उतरले. उडी मारली म्हणतात ती मारली नाही, गाडीचा साटा धरून सरळ पाय खाली सोडले आणि चालायला लागले. मागून हाका आल्या, पहिली मालकांची, मग जावेची. मग मी पळाले. लुगड्याचा ओचा धरून भर रस्त्यानं, लोक बघत असताना पळाले. नदीतून पळाले. परत सगळ्या निऱ्या भिजल्या.

माय पाळण्यापाशी उभी होती. धुळीनं पांढरी झालेली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी, आणि बाजूनं जाणाऱ्या प्रत्येक तरण्या बाईच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याही तोंडाकडे तसंच बघितलं, मग तिला ओळख पटली. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. मला वाटलं, आता रडेल. मी तर रडतच होते.

ती म्हणाली, "एकटी? कुणाला इचारून आलीस गं?"

मी सांगितलं, कुणालाच नाही. गाड्या नदीपलीकडे गेल्यात.

मायनं माझं तोंड सोडलं. दोन वर्षांनी भेटलेली माझी आई मला घेऊन तिथं बसली नाही. पाण्याचा घोट घे म्हणाली नाही, की पोरी किती वाळलीस म्हणाली नाही. तिनं माझा दंड धरला आणि मला नदीकडे चालवायला सुरुवात केली, जवळजवळ ओढत. "चल. लौकर चल. सोडून गेले तर तोंड कुठं दाखवशील?" जे काय बोलायचं ते चालता चालता. बापाला खोकला हाय. गाय व्याली. धाकट्याचं जमतंय. तुला काही हाय का? नाही म्हणाले. बरं, होईल, चल. आमची सगळी भेट त्या धापांमधे झाली. फडक्यातले तिळाचे लाडू तिनं चालतानाच माझ्या ओटीत टाकले.

गाड्या तिथंच होत्या. बैल सोडून चढावर उभ्या. सून मागं टाकून घरी गेले असते तर पंचक्रोशीत सासऱ्यांचं नाव वाईट झालं असतं, म्हणून थांबले होते. म्हणजे गाड्या थांबत होत्या! घाट, उजेड, घड्याळ, सगळं थांबवता येत होतं. स्वतःच्या अब्रूसाठी जेवढा वेळ त्यांनी त्या चढावर काढला, तेवढा पाळण्यापाशी काढला असता तर मी मायच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

मी ते सगळं बोलणार होते. तोंडही उघडलं होतं. पण मायनं मला मागं सारलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वाकून हात जोडले. "लेकराचं चुकलं, इवाईबुवा. पोटात घाला."

चुकलं? काय चुकलं माझं? काटा मी सरकवला होता? मी मायच्या पाठीमागं उभी, आणि ती तशीच वाकलेली. सासरे आभाळाकडे बघत होते. जाऊ पदराखाली डोळे पुसत होती. मालकांनी बैल जुपायला घेतले.

मग माय त्याच आवाजात, तसेच हात जोडून म्हणाली, "पुढल्या साली कोणत्या बांगेला येऊ, तेवढं सांगून ठिवा. त्याच्या आधीच येऊन बसते."

सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ चाचपलं. मग म्हणाले, "बघू."

मी गाडीत बसले. माय चाकाशेजारी चालत आली, माझ्या कानाला लागली, आणि धुळीनं माखलेल्या तिच्या चेहऱ्यावर मला खराखुरा आनंद दिसला. "बघू म्हणले गं," ती म्हणाली. "न्हाई असं न्हाई म्हणले."