शांत पाण्याचा फोटो

काचताईंना कॅमेऱ्यातलं किती कळतं, हे विचारायच्या भानगडीत गावात कोणी पडत नाही. एकदा एक पाहुणा फोटोग्राफर पडला होता. गळ्यात भारीतला कॅमेरा, आणि हा पठ्ठ्या भर पावसात उभा राहून लेन्स बदलतोय. ताईंनी त्याला दंडाला धरून छपराखाली नेलं, त्याच्या हातातली लेन्स पुसली आणि मग असा काही फैलावर घेतला की दुसऱ्या दिवशी तो वही घेऊनच भेटायला आला.

काचताई हे नाव मात्र कॅमेऱ्यामुळे पडलेलं नाही. तीस वर्षं त्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या. फ्रेममध्ये नीट बसेपर्यंत चाकावर कडा उतरवायच्या, बोटाच्या टोकाने धार बघायच्या. काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो त्यांना डोळ्यांत खुपायचा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दुकान बंद झालं आणि त्यांनी कॅमेरा हातात घेतला, तेव्हा चारजण जिथे अडतात तिथे त्या अडल्याच नाहीत. फिल्टर म्हणजे तरी काय, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच. काचेला त्या कशाला घाबरतील?

त्यांच्या कमरेच्या पिशवीत तीनच फिल्टर. एक साधा, पारदर्शक. दुसरा पोलरायझर, तो हलकेच फिरवला की पाण्यावरची चमक जाते आणि खालचे दगड दिसायला लागतात. तिसरा काळा. त्यातून उजेड इतका कमी आत जातो की भर दिवसासुद्धा एक फोटो काढायला कॅमेरा दोन-चार मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात लाटा येतात, जातात, आणि फोटोतलं पाणी एकदम गुळगुळीत दिसतं. कॅमेरा पावसाला दाद न देणारा, सांध्यासांध्याला रबराची बारीक कड असलेला. पण त्यांच्या लेन्सचं तोंड पुढे फिल्टर लावल्याशिवाय पुरतं बंद होत नाही, हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं वाक्य अख्ख्या गावात त्यांनी एकट्यांनीच वाचलं असावं. लेन्स घरी, कोरड्यात लावायची. पावसात काहीही उघडायचं नाही. परत आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरड्याने, मग इतर कामं. यजमान फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले. संध्याकाळच्या चहासाठी या पुसापुशीची वाट बघून बघून शेवटी ते स्वतःच चहा करायला शिकले.

तर अशा या ताईंचा एक फोटो फार गाजला. किनाऱ्यावरून, काळा फिल्टर लावून, अगदी पाण्याच्या पातळीला गुडघे टेकून काढलेला. समोर गडद, गुळगुळीत पाण्याची एक वाट पायापासून निघून थेट क्षितिजाला भिडलेली, आणि दोन्ही बाजूंना हलकासा पांढरा फेस. कॅलेंडरवर तो, लॉजच्या भिंतींवर तो, दवाखान्यातल्या बाकांसमोरही तोच. आणि यंदा किनारा समितीने ठरवलं की सुट्ट्या सुरू व्हायच्या आत किनाऱ्याच्या फाटकापाशी बारा फुटी फलक उभारायचा, त्यावर हाच फोटो. ताईंना आभाळ ठेंगणं झालं. यजमानांनी तर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगून कान किटवले.

आणि शनिवारी सकाळी दारात शिट्टीदादा उभे राहिले.

शिट्टीदादा म्हणजे किनाऱ्यावरचे जीवरक्षक. गळ्यात कायम शिट्टी, पायात ओले बूट, आणि गरजेपुरतंच बोलणं. ते आत येईनात. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी सांगितलं की काल दुपारी बाहेरगावचे एक गणिताचे सर पाण्यात उतरले आणि आत ओढले गेले. दादांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा श्वास जवळजवळ थांबला होता. आता दवाखान्यात आहेत, वाचतील. ताई म्हणाल्या, देवाची कृपा. दादा तरीही जाईनात.

"ताई, तुम्ही फोटो काढताना जिथे बसला होतात ना, बरोबर तिथेच ते उतरले. लॉजवरच्या फोटोवरून जागा हुडकली त्यांनी. इथलं पाणी शांत दिसलं म्हणाले."

मग त्या अबोल माणसाने जन्मात बोलला नसेल एवढं बोलून दाखवलं. दोन्ही बाजूंना पाण्याखाली वाळूचे उंचवटे आहेत, त्यांच्यावर लाटा फुटतात. आत आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यातून जोरात माघारी जातं. त्याला ते ओढ म्हणतात. त्या पट्ट्यात पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. लाट फुटत नाही, म्हणून ती जागा साऱ्या किनाऱ्यात शांत दिसते.

ताईंना फोटो काढला तो दिवस लख्ख आठवला. तासभर किनारा पालथा घालून त्यांनी मुद्दाम अशी जागा शोधली होती, जिथे एकही लाट फुटत नाही. नजरेला पायापासून थेट आत घेऊन जाणारी वाट फोटोत हवी, हा त्यांचा हट्ट. ती सापडल्यावर त्या लहान पोरीसारख्या खूश झाल्या होत्या. चांगला डोळा असलेला माणूसच ती जागा निवडेल. ज्याला फोटो काढता येत नाही, त्याच्या हातून ही चूक झालीच नसती. एका माणसाचा जीव आपल्या फोटोमुळे जाता जाता राहिला होता. पण ताई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी चपला चढवल्या आणि तडक समितीच्या अध्यक्षांचं घर गाठलं.

अध्यक्ष लॉजवाले, माणूस वाईट नाही, पण डोळ्यांनी दिसेल तेवढंच मानणारा. त्यांनी ताईंना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. सर पोहता येत नसताना उतरले असतील, त्याला फोटो काय करणार? आणि शिट्टीदादांची ही ओढ ते वीस वर्षं ऐकत होते. दाखवा म्हटलं की दादा समुद्राकडे बोट करतात, आणि बघणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं. फलक बुधवारी दुपारी छपाईला जायचा होता.

"ताई, फोटो बदलायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण मग असा फोटो आणा, ज्यात ती ओढ मला दिसेल. मला दिसली, तर सगळ्यांना दिसेल."

"आणते," ताई म्हणाल्या. अध्यक्षांना वाटलं, बाई रागाच्या भरात बोलून गेल्या. ते ताईंना ओळखत नव्हते, दुसरं काय!

रविवार-सोमवार समुद्र मऊच होता. दादांनी सांगून ठेवलं होतं, लाटा मोठ्या असल्या की ओढ उठून दिसते. मंगळवारी सकाळी वारा सुटला, पाऊस आडवा यायला लागला, आणि सगळं गाव खिडक्या लावत असताना ताई घरात बसून शांतपणे लेन्सवर पोलरायझर फिरवत होत्या. सांध्यांवरून बोट फिरवून झालं, बॅटरीचं झाकण दोनदा दाबून झालं. यजमान म्हणाले, "अगं, माणसं बाहेर पडत नाहीयेत." ताई म्हणाल्या, "अहो, रेनकोट घाला." त्यांनी घातला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, कुठे वाद घालायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला बाहेरून लोखंडी जिना आहे आणि वर कठडा. तिथून अख्खा किनारा खाली दिसतो. ताईंनी कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं रोवलं, त्याच्या मधल्या आकड्याला पिशवी टांगून वजन दिलं आणि फोटो घ्यायला सुरुवात केली. वीस झाले, पंचवीस झाले. कॅमेऱ्यावरून पाणी ओघळत होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. फिकीर दुसरीच होती. आभाळ भरलेलं, त्यामुळे पोलरायझर कितीही फिरवला तरी फारसा फरक पडेना. जिकडे तिकडे फेस. यजमानांनी मागच्या पडद्यावर नाक लावलं आणि आपल्याला यात बादलीतल्या कपड्यांसारखा फेस दिसतोय, बाकी काही नाही, असं सरळ सांगून टाकलं.

त्यांचा राग करावा की आभार मानावे, कळेना. कारण मुद्दा तोच होता. एका क्षणाच्या फोटोत इथे लाट फुटलेली, तिथे फेस वाहत आलेला, सगळी सरमिसळ. पण कॅमेरा चार मिनिटं उघडा ठेवला तर? जिथे लाटा पुन्हा पुन्हा फुटतात तिथे पांढरं पांढऱ्यावर चढत जाईल. जिथे फुटतच नाहीत, ती जागा काळीच राहील. म्हणजे काळा फिल्टर. ज्याने घोटाळा केला तोच! खाली गुडघे टेकून बघितलं तेव्हा फक्त ती वाट दिसली, वरून बघितलं तर तिच्या दोन्ही बाजूही दिसतील.

पोलरायझर काढायचा नाही, पावसात काही उघडायचं नाही. त्यांनी काळा फिल्टर त्याच्यावरच फिरवून बसवला. फोटोचे कोपरे काळे पडतील, पडोत. छत्री उघडली, ती वाऱ्याने उलटी केली. मग यजमानांनी अंगातला रेनकोट काढला आणि कॅमेऱ्यावर छपरासारखा दोन्ही हातांनी ताणून धरला. पहिल्या चार मिनिटांत वाऱ्याने तिकाटणं हललं. दुसऱ्या वेळी काचेवर थेंब आला, सगळं फिसकटलं. ताईंनी काच पुसली, तिकाटण्याचे पाय स्वतःच्या पायांत घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, हा तिसरा येतो बघा. यजमानांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं, पण चार मिनिटं त्यांचा हात हलला नाही.

तिसरा आला. दोन्हीकडे लाटांचे पांढरेशुभ्र पट्टे, आणि बरोबर मधोमध एक काळी वाट, किनाऱ्यापाशी अरुंद, पुढे रुंद होत खोल समुद्रात गेलेली. कोणाला बोट दाखवायचीही गरज नव्हती. यजमान पडद्यावर वाकले आणि म्हणाले, "बाप रे, ही एवढी मोठी आहे?" ताईंना रडू आलं. फोटो साधल्याचं होतं, आणि त्या वाटेवर आपणच लोकांना धाडलं याचंही होतं.

बुधवारी सकाळी समितीच्या टेबलावर त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. अध्यक्ष चष्मा लावून वाकले. शिट्टीदादा भिंतीपाशी उभे होते. दवाखान्यातून सुटलेले सर दादांचे आभार मानायला आले होते, तेही तिथेच थांबले. ताईंनी घसा साफ केला. हा जुना फोटो माझा, त्या म्हणाल्या, जागा मीच निवडली, आणि ती चुकीची निवडली. सरांकडे बघून त्यांनी हात जोडले. सर टेबलाजवळ आले आणि नव्या फोटोत, किनाऱ्याच्या कडेला, त्या काळ्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी बोट टेकलं.

"इथे उतरलो," ते म्हणाले. बोट थोडं पुढे सरकलं. "इथे पाय सुटले. इथे मी ओरडलो, बहुतेक." बोट वाटेच्या मध्यावर आलं आणि थांबलं. "इथपर्यंत आठवतं. पुढचं मला आठवत नाही."

शिट्टीदादा भिंतीपासून पुढे आले. त्यांनी सरांचं मनगट धरलं आणि ते बोट त्या काळ्या पट्ट्यावरून पुढे नेलं, खूप पुढे, पांढरे पट्टे जिथे संपतात त्याच्याही पलीकडे.

"इथे सापडलात तुम्ही मला," ते म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फलक नेमका कुठे उभा करायचा, हे त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदाच शिट्टीदादांना विचारलं.