डब्बा वाजलाच नाही

कवडूभाऊ भोयर हिंगण्याच्या एका कारखान्यात भट्टी खात्यात होते. लोखंडाचे सुटे भाग लालबुंद होईस्तोवर तापवायचे आणि मग तेलात विझवायचे, हे त्यांचं काम. बाहेर नागपूरचा मे महिना आणि आत भट्टी, अशा दोन उन्हाळ्यांमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. शिफ्ट संपवून घरी आले की आधी अंगणातल्या नळाखाली डोकं धरायचे. त्याच्या आधी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ असे ते कंपनीच्या बसमधून उतरले आणि दारातच बायकोला म्हणाले, "जिजे, आजपासून मी आगीसमोर उभा राहत नाही. चहासाठी गॅससुद्धा पेटवणार नाही. सांगून ठेवतो."

जिजाबाईंनी हारातलं एक फूल काढून देवाला ठेवलं आणि म्हणाल्या, "याच्या आंधी कधी पेटवला होता तुमी?"

तर असे कवडूभाऊ. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. घरात त्यांचा वावर अंगण, झाडं आणि शेजाऱ्यांचे बिघडलेले पंखे एवढ्यापुरता. स्वयंपाकघर पूर्णपणे जिजाबाईंचं. आणि त्या स्वयंपाकघराची आमच्या कॉलनीत खरी कीर्ती होती ती भुलाबाईच्या दिवसांत.

भादव्याच्या पुनवेला भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती बसल्या की कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेका घरी पोरी जमतात. गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी घरची बाई झाकण लावलेला डब्बा घेऊन येते. त्यात खिरापत. डब्बा नुसता हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही ओळखलं तर घर जिंकलं. जिजाबाईंचं घर सहसा जिंकायचं. चिवड्यात त्या एखादी बोराची आठोळी टाकायच्या म्हणजे आवाज फसवा निघावा. आमच्या कॉलनीतल्या ज्या मुली आता लग्न होऊन गेल्या आहेत, त्याही माहेरी आल्या की विचारतात, यंदा जिजाकाकूंनी काय केलं होतं?

मागच्या वर्षी त्यांच्या घरची पाळी जवळ आली आणि सीताबर्डीला ऑटोतून उतरताना त्यांचा पाय साडीत अडकला. उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, हाताला आराम द्या आणि तीळ, जवस, शेंगदाणे, खजूर असं काहीतरी रोज खात जा. मुलगा अंकित आज्ञाधारक. त्याने त्याच संध्याकाळी हे सगळं पिशव्या भरभरून आणून टाकलं. जिजाबाईंनी त्यातला एक खजूर खाल्ला आणि तोंड फिरवलं.

अंकित हिंगण्याला वडिलांच्याच कारखान्यात शिफ्टमध्ये, सून मयुरा बर्डीवर कपड्यांच्या दुकानात. दिवाळीचा सीझन तोंडावर, सुट्टी मिळायची नाही. मयुरा बिचारी सकाळी सगळा स्वयंपाक करून जायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, खिरापत आपण बाहेरून आणू. ढोकळा आणू मस्त."

"विकतची खिरापत?" जिजाबाई म्हणाल्या. "पोरी डब्बा हलवायच्या आंधी दुकानाचं नाव सांगतीन. राहू दे. यंदा आपली पाळी यमुताईंना देऊन टाक."

यमुताई म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी खिरापतीला दरवर्षी साबुदाण्याचा चिवडा असतो आणि दरवर्षी पोरी तो पहिल्या झटक्यात ओळखतात.

पाळी देऊन टाक म्हणाल्या आणि जिजाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या, भिंतीकडे तोंड करून पडल्या. कवडूभाऊंनी ताटातली पोळी तशीच ठेवली. लग्न झाल्यापासून आपली बायको कशाचीही पाळी सोडताना त्यांनी पाहिली नव्हती. रेशनच्या रांगेतली नाही, नळावरची नाही. ते दारात जाऊन उभे राहिले.

"खिरापत मी करतो," ते म्हणाले.

जिजाबाई वळल्या. "तुमी?"

"हो."

"गॅस न पेटवता?"

"गॅस न पेटवता."

जिजाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. उठून बसल्या आणि म्हणाल्या, "चला मंग, पाहतो मी तमाशा."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होते. जिजाबाई खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या मधोमध बसल्या, प्लास्टरचा हात उशीवर. कवडूभाऊंनी बिया काढलेला खजूर मिक्सरमध्ये भरला, अगदी काठोकाठ, आणि बटण फिरवलं. मिक्सर एकदा घुरघुरला आणि बसला. जळका वास आला. यावर दुसऱ्या कोणीही थोडा खजूर काढून घेतला असता. कवडूभाऊंनी पेचकस आणला आणि मिक्सर उलटा करून खोलायला घेतला.

"काय करून राहिले तुमी?"

"कॉइल पाहून राहिलो."

"पोरी आल्यावर त्यायले कॉइल वाढू काय?"

मग खजूर परातीत आला. मिक्सरला जे जमलं नाही ते त्या भट्टीवाल्या हातांना सहज जमलं. तेलाचं बोट लावून त्यांनी खजूर असा मळला की त्याचा मऊ, काळसर गोळा झाला. त्यात शेंगदाण्याचं कूट घातलं आणि लाडू वळले. पहिला लाडू जिजाबाईंना दिला. तो इतका चिकट होता की त्यांचे दात एकमेकांना धरून बसले. बराच वेळ त्या नुसत्या हातवारे करत राहिल्या.

"चांगला झाला म्हणते काय?" कवडूभाऊंनी विचारलं.

जिजाबाईंनी डाव्या हाताने त्यांना लाटणं दाखवलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फुटाण्याचं पीठ जास्त घातलं. तो लाडू हातातच फुटला आणि पीठ बनियनवर सांडलं. तेव्हा जिजाबाईंनी सूत्रं हातात घेतली. "तीळ आणि जवस कुरकुरीत पायजे. त्याच्याबिगर दाताखाली मजा नाही. पन तुमी तं भाजत नाही."

कवडूभाऊंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, डोळे दिपवणारं. ते उठले, माळ्यावरचा स्टीलचा मोठा ट्रे घासला आणि छतावर गेले. तापलेल्या स्लॅबवर ट्रे, ट्रेमध्ये तीळ आणि जवस पातळ पसरलेले, आणि शेजारी काळी छत्री घेऊन स्वतः. कबुतरं आली की छत्री मिटायची, उघडायची. मी माझ्या छतावर कपडे काढायला गेले तेव्हा मला वाटलं, भाऊंना ऊन लागलं.

"भाऊ, काय करताय?"

"काही नाही गं बाई," ते घाईने म्हणाले. "हवा खातो."

चार वाजेपर्यंत तीळ कुरकुरीत झाले होते. भाजलेले शेंगदाणे त्यांनी फुटाणेवाल्याकडून आणले. जिजाबाई म्हणाल्या, "हे तं भाजलेले आहेत. बोली मोडली तुमची."

"मी कुठी भाजले? त्यानं भाजले."

आता सगळ्यात अवघड काम होतं ते नातीपासून लपवायचं. उन्नती पाचवीत, आणि खिरापत ओळखणाऱ्या टोळीची पुढारी. स्वतःच्या घरची खिरापत तिला आधी कळली तर खेळच संपला. ती शाळेतून आली की थेट नाक वर करून घरभर फिरायची. पण गॅस पेटत नव्हता, फोडणी नव्हती, तळण नव्हतं, म्हणून वासच येत नव्हता. तिने कचऱ्याचा डबा उपसून पाहिला. त्यातही काही नाही. खजुराच्या बिया कवडूभाऊंच्या पॅन्टच्या खिशात होत्या.

पाळीच्या आदल्या दिवशी अंकितने हिंगण्याहून येताना संत्री आणली. आंबिया बहाराची, हंगामातली पहिली, अजून हिरवट सालीची, जराशी आंबट. कवडूभाऊ एक सोलून खात होते आणि बोटांना सालीचा वास लागला होता. त्याच बोटांनी त्यांनी परातीतलं मिश्रण चाखलं, आणि थांबले. मग दुसरं संत्रं घेतलं, वरची रंगीत सालच तेवढी बारीक किसणीवर किसली, वर चमचाभर रस पिळला आणि मळून एक गोळी जिजाबाईंपुढे धरली.

जिजाबाईंनी ती चघळली. खजुराचा गोडवा, तिळाचा कुरकुरीतपणा आणि मागून संत्र्याची आंबूस चव. त्यांचा चेहरा बदलला. "अजून एक द्या," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी ते औषध मागून घेतलं.

"लाडू वळू?"

"लाडू वळले तं डब्यात गडगडतीन. पोरी लगेच लाडू म्हणतीन. डब्यातच थापा."

कवडूभाऊंनी डब्याच्या तळाशी खोबऱ्याचा कीस पसरला, त्यावर मिश्रण घालून वाटीच्या बुडाने गच्च दाबलं, अगदी कडेपर्यंत. झाकण लावलं. जिजाबाईंनी डाव्या हाताने डब्बा उचलून हलवला. मग कानाशी नेऊन पुन्हा हलवला. कवडूभाऊंनीही हलवून पाहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लहान मुलांसारखे खिदळायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोयरांच्या अंगणात पोरींची गर्दी झाली. आम्ही बायाही गेलो होतो. चौरंगावर भुलाबाई, समोर रांगोळी. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. गाण्याच्या शेवटी पोरींचा आवाज वाढायला लागला, कारण सगळ्यांचं लक्ष आतल्या दाराकडे. जिजाबाई नवीन लुगडं नेसून बाहेर आल्या. डाव्या हातात डब्बा. त्यांनी तो उंच धरून हलवला.

काहीच वाजलं नाही.

पुन्हा हलवला. उन्नती पुढे आली, कान लावला. "आजी, रिकामा आहे!"

"भरेल आहे. ओळखा."

मग जो गोंगाट सुरू झाला! खीर! दही! खरवस! नूपुर म्हणून एक ठेंगणी मुलगी आहे, ती ओरडली, "ढग!" यमुताई चष्मा सावरून म्हणाल्या, "जिजाबाई, गोड की तिखट तेवढं सांगा."

"गोड."

"ओलं की कोरडं?"

जिजाबाईंनी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे चोरून पाहिलं. "मधातलं. ना ओलं, ना कोरडं."

"तळलेलं?" "नाही." "शिजवलेलं?" "नाही." "भाजलेलं?" "आमच्या घरी तं नाही."

"म्हणजे कच्चंच!" उन्नती म्हणाली.

"कच्चं कायचं?" पडद्यामागून जाड आवाज आला. "चांगलं उन्हात तापवेल आहे!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. पडद्याखाली दोन मोठे पाय दिसत होते. उन्नतीने धावत जाऊन पडदा ओढला. कवडूभाऊ उभे होते, शर्टाला खोबरं लागलेलं, तोंड लाल.

"आबा! तुम्ही केलं?"

"तुझी आजी सांगे, मी करत जाय," कवडूभाऊ पुटपुटले.

"हरलो, हरलो, उघडा!" पोरींनी गिल्ला केला. डब्बा उघडला. जिजाबाईंनी सुरी कवडूभाऊंच्या हातात दिली आणि त्यांनी वड्या पाडल्या, अगदी काटकोनात, लोखंडाच्या पट्ट्या पाडाव्या तशा. एकेक वडी हातावर पडली आणि लगेच तोंडात गेली. मग उन्नतीच ओरडली, "संत्रं! यात संत्रं आहे!" पण तेव्हा उशीर झाला होता.

नूपुरने दुसरी वडी मागितली, तिसरी मागितली आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी पण हात मोडून घ्या ना."

तिच्या आईने कपाळावर हात मारला. जिजाबाई मात्र इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

त्यानंतर कवडूभाऊंना कोणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच यमुताई वाटी घेऊन शिकायला आल्या आणि बसून राहिल्या. कोजागिरीला साऱ्या कॉलनीची भुलाबाई एकत्र होती. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात मसाल्याच्या दुधाबरोबर कवडूभाऊंच्या वड्या होत्या. अंकितच्या डब्यातून त्या कंपनीच्या बसमध्ये पोचल्या आणि एका जुन्या साथीदाराचा फोन आला.

"काय गा कवडू, हलवाई झाला म्हणते तू?"

"हलवायाले भट्टी लागते," कवडूभाऊ म्हणाले. "मले नाही लागत."

प्लास्टर निघालं आणि जिजाबाईंना आधी आठवण झाली ती बांगड्यांची. दिवाळीची गर्दी होती, तरी त्या कवडूभाऊंना घेऊन मेट्रोने बर्डीला गेल्या. त्या दिवशी मीही मयुराच्या दुकानात कपडे घ्यायला गेले होते आणि परत येताना व्हरायटी चौकाजवळ दोघं मला दिसली. जिजाबाईंच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरलेल्या. आणि कवडूभाऊ भांड्यांच्या एका ठेल्यासमोर वाकून साचे पाहत होते. एक पानाचा, एक शंखाचा, एक माशाचा. उचलायचे, आतून बोट फिरवायचे, ठेवायचे. ठेलेवाला कंटाळला आणि त्याने जिजाबाईंना विचारलं, "काकू, कोणता साचा पायजे तुम्हाले?"

"मले काय इचारून राहिला गा?" जिजाबाई म्हणाल्या आणि बांगड्या वाजवत त्यांनी नवऱ्याकडे हात केला. "आमच्या घरी गोडाचं हे पाहतात."

कवडूभाऊंनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातात तेव्हा माशाचा साचा होता आणि तो त्यांनी खाली ठेवला नाही.