ह्यांचा ऑसिलोस्कोप आज दिला

मंडळी, हे जाऊन दोन महिने झाले. ह्यांचा जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी काचेवर दाखवणारं अवजड यंत्र, आज घराबाहेर गेला. दीर विचुंब्याला रिपेअरिंगचा क्लास घेतात, त्यांना हवा होता.

चालू केला तर पडदा काळाच.

"वहिनी, हाही दादाच्या मागोमाग गेला वाटतं. भंगारवाल्याला बोलवू?"

"काही नको. भाऊजी, बाजूला व्हा."

ह्यांची सवय मला माहीत होती. काम संपलं की ट्रिगर, म्हणजे रेघ कधी सुरू व्हायची ते ठरवणारं बटण, नॉर्मलवर ठेवायचे आणि उजेड कमी करायचे, काच जळू नये म्हणून. मग सिग्नल मिळेपर्यंत रेघ उमटतच नाही. मी ट्रिगर ऑटोवर नेला, म्हणजे सिग्नल नसतानाही रेघ येते, उजेड वाढवला, स्वीप, म्हणजे रेघेचा वेग, अगदी हळू केला. हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे चालू लागला.

"अरे, जिवंत आहे की!" भाऊजी ओरडले.

मी बटण बंद केलं, वायर गुंडाळली, रिक्षापर्यंत एक बाजू धरली.

रडू येईल म्हणून वर येऊन दार लावून घेतलं. आलं नाही. मग भांडी घासली.

हे रडू न येणं असंच राहतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी सरळ सांगा. धीर देऊ नका.