विटांवरची गाडी

देवचंद आबा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले तेव्हा गल्लीला वाटलं, चला, आता हा माणूस दोन घटका निवांत बसेल. कुठलं काय! पहिला उन्हाळा सरला नाही तोच दारात टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून उतरलं काय, तर लोखंडी पाइपांचा लांबलचक सांगाडा, फायबरची लाल बॉडी तुकड्यातुकड्यांत, आणि खोकीच खोकी. आबांनी गाडी आणली नव्हती, गाडीचं सामान आणलं होतं. जोडायची घरीच. दोन माणसं बसतील एवढी, बिनटपाची. इंजीन भंगारातल्या एका व्हॅनचं. रुक्माबाईंनी कपाळावर हात मारला. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्या कुरडया घालायच्या, ती शेड त्या दिवसापासून गॅरेज झाली.

हे खूळ कशापायी, तर लेकीपायी, प्रज्ञापायी. आबांनी रुक्माबाईंना भडगावहून लग्न करून आणलं ते एसटीतून, दाराशी उभं राहून. नवरीच्या पायावर कुणाची तरी लोखंडी पेटी आपटली आणि नवी नवरी धुळे येईस्तोवर मुकाट्यानं रडत राहिली. ते आबांच्या मनातून कधी गेलंच नाही. पोरगी झाली तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, की ही घरातून निघेल ती बापानं हातानं जोडलेल्या गाडीतून. असल्या घरगुती गाडीला आरटीओ रस्त्यावर येऊ देणार नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण त्यांना रस्ता नकोच होता. मांडवापासून गल्लीच्या तोंडापर्यंत, बस्स. पुढे पोरीनं खुशाल सासरच्या जीपमध्ये बसावं.

मग काय, वर्षांमागून वर्षं ती गाडी अंगणात उभी राहिली, आणि उभी तरी कशी, अधांतरी. चाकं नाहीत, तर गाडी टेकणार कशावर? त्यासाठी आबांनी जाड पाइप कापून, वेल्डिंग मारून चार तिपाया केल्या. वर्कशॉपात त्यांना घोड्या म्हणतात. सांगाडा त्या घोड्यांवर बसायचा. हलवायची वेळ आली की जॅकनं एकेक बाजू उचलायची, घोडी काढायची आणि खाली लहान चाकांचा बुटका गाडा सरकवायचा. हलवायची वेळ तर सारखीच यायची. मिरच्या वाळवायच्या, हलवा गाडी. पंचशील मंडळाच्या बायकांची बैठक, हलवा गाडी. गल्लीतले रिकामटेकडे येता-जाता विचारायचे, आबा, आधी पोरगी निघते का गाडी? आबा हसायचे आणि पान्हा हातात घ्यायचे.

ह्या सगळ्या उचलाठेवीत त्यांचा जोडीदार होता पोरगा, युवराज. पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगानं सडसडीत. पहाटे मैदानावर पळून यायचा, चहा प्यायचा आणि बापाच्या हाताखाली उभा राहायचा. गेल्या भरतीत थोडक्यात हुकला होता. यंदा जळगावला ग्राउंडसाठी बोलावणं आलेलं, लग्नानंतर लगेच. पोरगा घड्याळ लावून पळत होता आणि यंदा तो निघणार ह्याबद्दल गल्लीत कुणाला शंका नव्हती. आबा तोंडानं म्हणायचे नाहीत, पण त्या पळणाऱ्या पायांकडे बघून त्यांचं पोट भरायचं.

कामाच्या बाबतीत मात्र आबा पोरावर वाघासारखे खेकसत. जॅक उचलायला असतो, धरायला नाही, हे त्यांनी युवराजला शाळेत असल्यापासून घोकून घेतलेलं. आणि विटेवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीच जायचं नाही. लाकूड आधी कुरकुरतं, लोखंड आधी वाकतं, माणसाला निसटायला वेळ देतं. वीट काहीच सांगत नाही. भार झेलत राहते, झेलत राहते आणि एकाएकी तिचा भुगा होतो. वर्कशॉपात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला आबांनी हे ऐकवलं होतं आणि त्यांच्या हाताखाली कधी कुणाचं बोट चेंगरलं नव्हतं.

प्रज्ञाचं जमलं ते बोदवडला. मुलगा शिकलेला, घर चांगलं. व्याही प्रेमराज नाना म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस, तरी मनानं सरळ. वैशाखात लग्न ठरलं आणि आबांची नुसती धांदल उडाली. रंग झाला, सीट झाल्या, मागची चाकंसुद्धा चढली. राहिली पुढची दोन चाकं, आणि ब्रेकच्या पाइपाचा एक नट, जो कितीही आवळला तरी थेंब थेंब गळायचा. तेवढा बसला की गाडी जमिनीवर.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव पडणार, म्हणून गाडी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये न्यावी लागली. काळी माती ती. गाड्याची लहान चाकं रुतून बसली. गल्लीतल्या चौघांनी हात लावला, आबा पुढे पाठमोरे चालत हळू, हळू म्हणत राहिले, आणि कशीबशी गाडी कडुनिंबाखाली पोचली. मागची चाकं जमिनीवर टेकवली, पुढचं तोंड फळ्या टाकून दोन घोड्यांवर ठेवलं, वर ताडपत्री घातली. जेवणं झाली की नट आवळतो, असं आबा म्हणाले, आणि युवराज पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला.

तो तिकडे गेला आणि इकडे पाण्याचा घोळ झाला. पाहुण्यांसाठी मोठी टाकी मागवली होती, तिचं लोखंडी स्टँड मांडववाला भूषण विसरून आला. टाकी जमिनीवर ठेवली तर तोटीला पाणी येईना. टँकरवाला हॉर्न मारतोय, बायका हंडे घेऊन उभ्या, आचारी ओरडतोय. प्रेमराज नाना आपल्या माणसांसह नुकतेच उतरले होते. त्यांची नजर शेडमध्ये रिकाम्या पडलेल्या दोन घोड्यांवर गेली आणि मग ताडपत्रीखालच्या दोघींवर. सहजच म्हणाले, व्याही, ह्या चारींवर फळ्या टाकल्या की टाकी बसेल. बोलण्यात ना हुकूम ना टोमणा. पण मुलाचा बाप, पोरीच्या दारात, चार माणसांसमोर पहिल्यांदा काही मागतोय. आता आबांनी नाही म्हणायचं? नाना, ती गाडीची घोडी आहे, तुमच्या पाण्यापेक्षा माझी गाडी मोठी आहे, असं? आबांच्या तोंडून निघून गेलं, घ्या की, त्यात काय.

चुलीसाठी आणलेल्या विटा तिथंच पडल्या होत्या. आबांनी स्वतः जॅक लावला, स्वतः दोन बाजूंना विटांची चवड रचली आणि गाडीचं तोंड तिच्यावर उतरवलं. जॅक मातीत कलायला लागला होता, तो काढून घेतला. हात करत होते आणि आतून कुणीतरी नको म्हणत होतं, ते त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांनी स्वतःलाच समजावलं, की खाली मीच जाणार आहे, दोन आटे पिळायचे आणि बाहेर. एका माणसाचा तर धोका! ताडपत्री पुन्हा ओढली आणि ते पाहुण्यांना जयभीम घालायला गेले.

युवराज स्टेशनवरून आला तेव्हा आबा व्याह्यांच्या पंगतीत वरण-बट्टीचा आग्रह करत होते. बापाला उठता येत नव्हतं. पोरानं लांबूनच खूण करून विचारलं, नटाचं काय? आबांनी हातानं थांब म्हटलं. उठून जाऊन सांगायला हवं होतं. खाली विटा आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण नाना काहीतरी विचारत होते, बट्टीवर तूप वाढायचं होतं, आणि आबांनी मान परत पंगतीकडे वळवली.

आवाज मोठा झाला नाही. खोकं पडावं एवढाच. मांडववाल्यांना वाटलं, बांबू पडला. आबांना मात्र बसल्या जागी कळलं. हातातली तुपाची वाटी तशीच घेऊन ते धावले.

दोन्ही चवडी बसल्या होत्या. गाडीचं तोंड युवराजच्या डाव्या पायावर होतं, गुडघ्याखाली. पोरगा ओरडत नव्हता, दात दाबून आभाळाकडे बघत होता. दहा-बारा माणसांनी मिळून गाडी उचलली. त्यांत प्रेमराज नानाही होते, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी. काही क्षणांचं काम. आबा नुसते गाडीला हात लावून उभे होते.

लग्न मोडू नये, असं दवाखान्यातून युवराजनंच सांगून पाठवलं. मांडव होता, वाजंत्री नव्हती. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, वधूच्या बाजूला आई एकटी उभी राहिली. बाप ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसून होता. पोरगी बोदवडला गेली ती जीपमधून, आणि ती निघाली केव्हा हेही आबांना कळलं नाही. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पोरासाठी की पोरीसाठी, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाय वाचला. डॉक्टरांनी सळई घातली, हाड जुळलं, पण जुळलं ते आखूड. युवराज चालायला लागला, थोडा डावीकडे झुकून. पळणं संपलं. जळगावच्या ग्राउंडची तारीख तो खाटेवर पडलेला असताना येऊन गेली. पुढे त्यानं एका मोबाइलच्या दुकानात काम धरलं. गाडी भंगारवाला घेऊन गेला. आबांनी त्याच्याकडून काही घेतलं नाही, फक्त लवकर ने म्हणाले.

लोक आबांना धीर द्यायचे. व्हायचं ते झालं, नशीब, पोरानं घाई केली. हे शेवटचं वाक्य आबांच्या काळजात सुरीसारखं जायचं. कारण सगळ्यांचा समज होता, की गाडी घोड्यांवरून घसरली. टाकीची घाई, मांडवाची गडबड, चुलीच्या विटा तर तिथं सगळीकडेच पडलेल्या, त्या गाडीखाली कुणी रचल्या हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते व्याही बिचारे अपराध्यासारखे गप्प होते. आणि युवराजला तर माहीतच नव्हतं, तो स्टेशनवर होता. गाडी घोड्यांवरच आहे, असं समजून, बापावर विश्वास ठेवून पोरगा खाली गेला. बापानं सांगितलं नाही. तूप वाढत बसला. आबांचं जेवण तुटलं. रात्रंदिवस एकच, की पोराला सांगायला हवं, आणि सांगितलं तर पोरगा तोंड बघणार नाही. आपण कसले उस्ताद, कसला बाप? मेलो असतो तर बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. रुक्माबाईंना ते दिसायचं, पण कारण कळायचं नाही.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी, युवराज ओसरीवर पायाला तेल चोळत बसला होता, तेव्हा आबा त्याच्यासमोर येऊन जमिनीवर बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवर. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. नाना काय म्हणाले, घोड्या कुणी दिल्या, विटा कुणी रचल्या, पंगतीत खूण कळूनही कोण उठलं नाही. चपलेनं मार मला, असंही म्हणाले.

युवराजनं वाटीतलं उरलेलं तेल गुडघ्याला चोळलं. मग घरातल्या बोलीत, अगदी हळू म्हणाला,

"माले माहित व्हतं, आबा. ताडपत्री उचली तवय दिसन्यात विटा. मी नही जातू, ते तुम्ही जातात."

आबांनी वर बघितलं. पोराच्या चेहऱ्यावर राग शोधला, कणभर तरी असेल म्हणून शोधला. नव्हता. बापाचा स्वभाव पोराला पाठ होता. पोरीच्या लग्नापायी हा माणूस विटांखालीसुद्धा जाईल, हे पंगतीतली ती हाताची खूण आठवून, विटा दिसताच त्याला कळलं होतं, म्हणून बापाच्या आधी तोच खाली शिरला होता. युवराज भिंतीला धरून उठला आणि तेलाची वाटी ठेवायला आत गेला, डावीकडे झुकत.

इतके महिने आबा पोराच्या शिव्यांना भीत होते. आता ओसरीवर बसून ते त्याच शिव्यांची वाट बघत होते, आणि आतून रुक्माबाईंनी हाक मारली, की चला, चहा झालाय.