ताईने घेतलेला अर्धा कॉम्प्युटर

केतकीचा फोन बँकेत आला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. "मामा, आई गेली. तू थेट अंबरनाथच्या हॉस्पिटलमध्ये ये. मी खालीच बसलेय," एवढंच ती म्हणाली. बारा-तेरा वर्षांची पोर, आवाजात कंप नाही, रडू नाही... येताना कोथिंबीर आण म्हणून सांगावं तसा तो आवाज. ठाण्याहून अंबरनाथला पोचेपर्यंत ताईच्या जाण्यापेक्षा त्या आवाजाचीच धास्ती माझ्या मनात बसली होती. वॉर्डच्या दाराशी एका तरुण डॉक्टरने विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "भाऊ आहे असं त्या कधी बोलल्या नाहीत. अकरा महिने येत होत्या. रक्त चढवायचं असलं की मुलगीच बरोबर असायची." अकरा महिने! मी तिथल्या बाकावर बसलो आणि एकेक महिना मागे जात राहिलो. मे, मार्च, संक्रांत, दिवाळी... दिवाळीच्याही मागे. म्हणजे आम्ही केतकीसाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलो त्या शनिवारी ताईला सगळं ठाऊक होतं.

वसुधाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ती केमिस्ट होती, लग्नाआधीपासून. केतकी चार वर्षांची असताना भावोजी गेले. त्यानंतर बदलापूरला मांजर्लीतल्या तळमजल्याच्या घरात या दोघीच राहायच्या. मिक्सर बिघडला की ताई आधी स्क्रू ड्रायव्हर शोधायची, मग दुकानदार. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या केसांना, साडीला कारखान्यातल्या रसायनांचा एक गोडसर वास यायचा. लहानपणी केतकी त्याला 'आईचा वास' म्हणायची आणि त्या पदरात तोंड खुपसून झोपायची. त्या वासाबद्दल आज मला जे वाटतं ते लिहिण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून लिहीत नाही.

केतकीच्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि तिला दुसरं काही सुचेना. चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत जायचं, एका यंत्रापुढे तिघींनी बसायचं, आणि हात लागेलागेपर्यंत तास संपायचा. मी उत्साहाने म्हटलं, मी घेऊन देतो. कंपनीचा, सीलबंद, रंगीत पडद्याचा, गाणी वाजवणारा. मामा म्हणून मला तेवढी हौस होती. ताई म्हणाली, "नको. शनिवारी माझ्याबरोबर उल्हासनगरला चल, कॅम्प तीनला. उचलायला माणूस हवाय."

जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गल्लीतून वाट काढत आम्ही एका चिंचोळ्या दुकानात शिरलो. दुकानाचे सिंधी मालक, साठीचे, कानामागे पेन अडकवलेले. त्यांनी तयार मॉडेल पुढे केलं. ताईने पर्समधून घडी केलेला कागद काढला. पेटी मोठी हवी, आत जागा मोकळी हवी. मुख्य बोर्ड चांगल्यातला, ज्यावर उद्या याहून वेगवान प्रोसेसर बसेल असा. बाकी सगळं कमीत कमी. मेमरीच्या चार खाचांपैकी दोनच भरायच्या. पडदा जुना, काळा-पांढरा चालेल. गाणी नकोत.

मालक हसले. "ताई, ये तो सांगाडा झाला! बच्ची को सांगाडा देणार?"

"सांगाडा धड असला की बाकीचं चढवता येतं, शेठ. उलटं होत नाही," ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "पाच वर्षांनी हीच पेटी चालेल? दहा?"

"आप फिकर मत करो. जो बदलना है, आप लेके आना, मैं बदल दूँगा."

"मी नाही आणणार. तिला स्वतःला बदलता आलं पाहिजे. कुणाला न बोलावता."

मालकांनी हसू आवरलं. ते एकदा ताईच्या चेहऱ्याकडे नीट पाहून आत गेले आणि कुठलीही घासाघीस न करता मागच्या फळीवरचा जड बोर्ड घेऊन आले. त्यांनी काय पाहिलं असेल, कोण जाणे. मी शेजारीच उभा होतो. मला काही दिसलं नाही.

रिक्षात खोका मांडीवर घेऊन मी धुसफुसत होतो. "एवढा चिकटपणा कशाला? मी देत होतो ना चांगला."

"बंद पेटी बिघडली की माणूस बोलवावा लागतो, अरू."

"मग मी आहे ना!"

"तू ठाण्याला असतोस," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. एका खड्ड्यात रिक्षा आदळली, तिने दांडी धरली, आणि ब्लाउजची बाही वर सरकून दंडावर पंज्याएवढा काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "लॅबमधलं कपाट लागलं." मी रागात होतो. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. त्यानंतर संक्रांतीपर्यंत मी मांजर्लीला फिरकलो नाही.

संक्रांतीला गेलो तेव्हा पेटी उघडी होती. सगळे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले आणि केतकी ते एकेक करून परत बसवत होती. दर रविवारी हेच चालायचं म्हणे. सगळं सोडवायचं, सगळं जोडायचं. ताई भिंतीला टेकून बसलेली, हात मागे. ती स्वतः कशालाही शिवत नव्हती. मेमरीची पट्टी बसवताना केतकीने जोर लावला आणि खाचेची चिमुकली कडी कट्‌कन मोडली. केतकी रडवेली होऊन म्हणाली, "आई, तूच लाव ना."

"मी काय जन्मभर तुझ्या मागे उभी राहणार आहे?" ताई ओरडली.

तिला असं ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेलो तर नळ सोडलेला, ती मोरीवर वाकलेली, नाकाला रुमाल, आणि पाणी लालसर वाहत होतं. "उष्णता झालीय," ती म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. "दाखवलंय," ती म्हणाली. तिने मला खरं सांगितलं, ते त्या एकाच शब्दात. मी निश्चिंत झालो आणि बाहेर येऊन तिळगूळ खाल्ला. केतकीने दोऱ्याने बांधून ती पट्टी बसवली होती. ती अजून तशीच आहे.

मेमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा ताई कागदासारखी पांढरी पडली होती. दमले, म्हणाली. निघताना दाराशी येऊन अचानक बोलली, "त्या दोन खाचा मोकळ्या आहेत ना, त्या भरायची घाई करू नका. भाव उतरतील." जिना नव्हता, पायऱ्या तीनच, तरी त्या उतरून रस्त्यावर आल्यावर माझी पावलं थबकली. आपण करायला नको, असं नव्हती म्हणाली ती. करू नका, म्हणाली होती. मी मागे वळलो... दार लागलं होतं. बेल वाजवली नाही.

केतकीची शाळा मधेच मोडू नये म्हणून गेले काही आठवडे मीच मांजर्लीला राहतोय. मागच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस हटला नाही आणि दुपारी वॉचमन ओरडत आला, नदीचं पाणी वळणाशी आलंय. बघता बघता ते आवारात शिरलं, स्कूटरींची चाकं बुडाली, पहिली पायरी गेली. शेजारी गाद्या, टीव्ही वर पोचवत होते. मी कॉम्प्युटरची जड पेटी उचलायला वाकलो तर केतकी म्हणाली, "थांब मामा." तिने प्लग काढला, चार स्क्रू सोडवले, झाकण सरकवलं. मी मदतीला हात पुढे केला तसं तिने माझं मनगट धरलं. "आधी इथे, पत्र्याला हात लाव. अंगातली वीज उतरू दे. आई म्हणते, घाईत असलो की आधी हे करायचं." मी लावला. बाहेर दुसरी पायरी बुडाली होती, आणि आम्ही दोघं त्या गार पत्र्यावर हात ठेवून उभे होतो. आई म्हणते, असं ती म्हणाली होती. मी ते दुरुस्त केलं नाही.

तिने आतली डिस्क काढून सुती कापडात गुंडाळली. मला राहवलं नाही. विचारलं, "आईचं काही आहे का गं त्यात?"

"नाही. आईने कधी हातच नाही लावला. माझंच आहे सगळं."

"आणि पेटी? ती नाही न्यायची वर?"

"राहू दे," ती म्हणाली, आणि डिस्क छातीशी धरून पहिल्या मजल्याचा जिना चढायला लागली. "बाकीचं परत आणता येतं, मामा."