गादीवाल्याची लेक

रस्त्यावरचे सगळे त्याला नुसतं गादीवाला म्हणत. दुसऱ्यांच्या झोपेसाठी कापूस पिंजण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण घरात मात्र दिव्याखाली अंधार. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली त्याची लेक कुठल्याच गादीवर झोपत नसे. तिला बापाची छाती लागे. दुकानामागच्या खोलीत तो उताणा पडायचा, पोर त्याच्या बरगड्यांवर पालथी, आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळत उभं. त्याला या गोष्टीचा कोण अभिमान!

मग त्याच छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, छाती उघडावी लागेल, पुढे कित्येक महिने तिच्यावर कसलाही भार चालणार नाही. तो वाचेलच अशी खात्री त्यांनी दिली नाही आणि त्यानेही मागितली नाही. त्याला एकच घोर लागला. आपण नसताना पोर झोपणार कशी?

त्याने तिच्यासाठी छोटी गादी शिवली. पोर रडली. त्याने टाके उसवून कापूस पुन्हा पिंजला, आणखी मऊ भरला. पोर आणखी रडली. तो पुन्हा उसवायला बसला तशी बायको म्हणाली, "अहो, नाचता येईना अंगण वाकडं! गादीचा काय दोष? ती जरा कुरकुरली की तुम्ही उचलता."

बायकोची बहीण नर्स होती. तिने गादी दाबून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, एवढ्या मऊ गादीत तान्ह्या पोरीचं नाक रुतेल. घट्ट भरा. जागी असतानाच खाली ठेवा. जवळ बसा, पण उचलू नका."

जन्मभर मऊपणा विकलेल्या माणसाने लेकीची गादी घट्ट भरली. आधी तो शेजारी बसून तिच्या पोटावर हात ठेवायचा. मग नुसताच बसायचा. मग स्टूल खिडकीशी सरकलं, पुढे दाराशी. ती त्याच्याकडे हात पसरून रडायची आणि हा काळजावर दगड ठेवून बसायचा. तेही असल्या दुखऱ्या काळजावर! बायको म्हणायची, "बघवत नाही तर जा ना दुकानात." तो हलायचा नाही. "रडायचं तर माझ्यासमोर रडू दे," म्हणायचा.

दवाखान्यात जायच्या दिवशी दुपारी मावशी पोरीसाठी राहायला आली. बायकोने पोरीला गादीवर ठेवलं आणि तिघंही दुकानात येऊन थांबली. आत कुरकुर सुरू झाली. त्याचा हात पडद्याकडे गेला. कुणी तो अडवला नाही. त्यानेच मागे घेतला. कुरकुर वाढली, अडखळली, थांबली. त्याने डोकावून पाहिलं. मूठ तोंडाशी धरून पोर गाढ झोपली होती.

"उठवू का तिला?" बायको म्हणाली. आता तिचाच धीर सुटला होता. "एकदा जवळ घ्या तरी."

त्याला घ्यायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

"नको," तो म्हणाला. "आपली आपण झोपलीय."

मग सदऱ्यावर जिथे तिची लाळ सांडायची, तो भाग मुठीत धरून तो कापसाच्या ढिगावर बसला आणि रडला. आवाज न करता, तिची झोप मोडू नये म्हणून.