कॉम्प्युटरची ओटी

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते. कारण ही गोष्ट मी नाही सांगितली तर आमची केतकी सांगणार, आणि ती सांगायला लागली की मी आहे त्याच्या दुप्पट येडी दिसते. माझ्या तोंडून ऐका, निम्मी अब्रू तरी शिल्लक राहील.

केतकी म्हणजे माझी नात, थोरल्या लेकाची लेक. कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. शिकते म्हणजे काय, तर लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उचलून घरी आणते. कुणाच्या माळ्यावरचा, कुणाच्या जिन्याखालचा, कुणाच्या बंद पडलेल्या क्लासातला. कोल्हापुरातलं आमचं घर ते केवढं, त्यात पुढच्या सोप्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. आमचे हे सकाळी ज्या खुर्चीत पेपर वाचायचे, ती खुर्चीसुद्धा एका मॉनिटरनं घेतली. ह्यांनी चार दिवस उभ्यानं पेपर वाचला, मग विचारलं, "केतके, हा पावणा कधी उठणार?"

"दुरुस्त झाला की उठंल, आजोबा."

आणि उठायचे की हो ते पावणे. केतकी कॉम्प्युटरची पेटी उघडायची, ब्रशनं आतली धूळ झाडायची, हिरव्या पट्टीसारखा एक भाग बाहेर काढून त्याची कड खोडरबरनं घासायची. मी शाळेची पायरी चढले नाही. खोडरबर म्हणजे चुकलेलं पुसायचं, एवढंच ऐकून होते. ही बया खोडरबर फिरवून मेलेलं मशीन जिवंत करायची. मग त्यात पोरांचे धडे, चित्रं, अक्षरं, गणितं काय काय भरायची आणि कुठल्या ना कुठल्या शाळेला देऊन टाकायची.

माझं माहेर शाहूवाडीच्या डोंगरात, एका वाडीत. तिथं आता शाळा आहे. माझ्या वेळी नव्हती, मी म्हसरांच्या मागं मोठी झाले. तिथल्या जाधवबाई मास्तरीण फोनवर केतकीला म्हणाल्या, "आमच्या पोरांनी कॉम्प्युटर फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलाय." झालं. केतकीनं चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर द्यायचं कबूल केलं.

पण ठेवायचे कुठं? दूध डेअरीला लागून ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी होती. तिच्यावर डेअरीचा चेअरमन बापू टपून बसलेला. त्याला तिथं पशुखाद्याची पोती ठेवायची होती. शेवटी सरपंच सुमननं निकाल दिला, "कॉम्प्युटर चालू करून दावा, खोली पोरांची. न्हाय चालला, तर पोती आत."

ती खोली पोरांना मिळावी असं केतकीला वाटत होतं, त्यापेक्षा जास्त मला वाटत होतं. हे एवढं लक्षात ठेवा. पुढं मला शिव्या घालायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

आता चारातला एक कॉम्प्युटर होता आमच्या शेजारच्या मगदूमकाकूंचा. मगदूमकाका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा कॉम्प्युटर काकूंनी क्रोशाचं कव्हर घालून तसाच जपून ठेवला होता. देताना त्यांनी कव्हर काढलं, घडी घातली, परत उलगडलं, परत घातलं. मला म्हणाल्या, "हौसाबाई, नीट पाठवा हं. घरातलं माणूस चाललंय असं वाटतंय."

सगळ्यात धडधाकट निघाला तो तोच. केतकीनं त्यालाच कारभारी केलं. सगळे धडे त्याच्या पेटीच्या पोटात, आणि बाकीचे तिघं त्याच्याकडून मागून घेणार. हा चालला तर सगळे चालणार, हा बसला तर सगळे बसणार.

न्यायच्या दिवशी मी हळदकुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाले, तशी केतकी मध्ये आली.

"आजी, बाहेरून बोट लाव हवं तर. पण आत काय जाऊ द्यायचं न्हाय. धूळसुद्धा न्हाय."

"बरं," म्हटलं.

ती टेम्पोवाल्याला बघायला गल्लीच्या तोंडाला गेली. मी आणि पेटी, दोघीच सोप्यात. आता तुम्हीच सांगा, घरातलं माणूस परगावी चाललंय, पहिल्यांदा चाललंय, आणि रिकाम्या ओटीनं? आमच्या घरातनं आजवर एक लेक, एक सून, कामाला आलेली बाई कधी रिकाम्या ओटीनं गेली नाही. तिकडं माझ्या भावजया काय म्हणतील? आणि जागा तर होती. बाजूच्या पत्र्याला दोनच स्क्रू, हातानं फिरणारे. केतकीला उघडताना शंभरदा बघितलेलं. आत खाली ही एवढी मोकळी जागा.

केतकीनं धूळ घालू नको म्हटलं होतं. मी धूळ कुठं घालत होते? हिरव्या खणात तांदूळ घेतले, हळकुंड, सुपारी, वर एक रुपयाचं नाणं, कुंकवाचं बोट लावलं आणि गाठोडं बांधून आत ठेवलं. माझी गाठ सुटत नाही, अशी आमच्या घराण्यात ख्याती आहे. नारळ तेवढा पेटीत मावेना. त्याची मी वेगळी सोय केली. पत्रा लावला, स्क्रू फिरवले आणि पदराला हात पुसून उभी राहिले. टेम्पो गेला. मनातून कसं गार वाटलं म्हणून सांगू.

टेम्पो पुढं गेला, आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं. सामान खोलीत उतरवून घेतलं होतं बापूनं, कारण किल्ली डेअरीतच असायची.

वाडीत पोचलो तर काय थाट. पोरं ओळीत बसलेली, तेल लावून भांग पाडलेली. जाधवबाईंनी फळ्यावर फुलं काढलेली. सुमन नवी साडी नेसून. माझं तर माहेरच, जो तो "आत्ती आली, आत्ती आली" म्हणून पाया पडतोय. दारात बापू उभा, त्याच्यामागं हातगाड्यावर पोती रचून तयार. कसला तयारीचा माणूस.

केतकीनं वायरी जोडल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. पेटी ढिम्म.

"आत्ती, पोती आणू का?" दारातनं बापू.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड सोडलं. "आधी लाईट हाय का बघा." वर बल्ब ढळढळीत जळत होता. "मग त्या टेम्पोवाल्यानं आपटला असंल. त्याची नजरच तसली होती." टेम्पोवाला बिचारा तिकडं कोल्हापुरात कुणाचं कपाट वाहत असेल. त्याला मी इथं बसून सात पिढ्यांचं ऐकवलं.

केतकीनं मागची वायर बघायला पेटी तिरकी केली. तशी पत्र्याच्या भोकांतनं टपटप तांदूळ खाली पडले.

पोरं हसली. मी मात्र उभीच राहिले. माझं गाठोडं? छे, माझी गाठ सुटत नाही. मग हे दुसरं काय असणार? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"उंदीर," मी म्हटलं. "जाधवबाई, शाळेतला खिचडीचा तांदूळ उघडा ठेवताय तुम्ही. तुमच्या उंदरांनी रातच्यात पेटीत नेऊन भरला. काय हे? पोरगीनं महिने घालवले हिच्यापायी."

जाधवबाईंचा चेहरा एवढासा झाला. सुमननं मात्र वाकून एक दाणा उचलला, दाताखाली धरला.

"आत्ती, खिचडीचा तांदूळ जाडा असतोय. आन् असला बारीक तांदूळ आमच्या शिवारात पिकत न्हाय. ह्यो कोल्हापूरच्या दुकानातला हाय."

सात पिढ्या भात लावणाऱ्या गावात तांदळावरून खोटं चालत नाही.

केतकीनं स्क्रू फिरवून पत्रा काढला. आत काय? पंख्याला तांदूळ, तळाला तांदूळ, त्यावर कुंकू, एका कोपऱ्यात हळकुंड, एका कोपऱ्यात सुपारी. घाटातल्या खड्ड्यांनी माझ्या घराण्याची ख्याती पार उसवली होती.

मग मागनं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "करणी केलीया."

एवढंच पुरलं.

"किल्ली कुणाकडं हुती?"

"बापूकडं."

"काल कोल्हापूरला कोण गेलतं?"

"बापू."

"खोली कुणाला पायजे?"

सगळी गर्दी दाराकडं वळली. बापूचा हात अजून पोत्यावरच.

"अरं मी जनावरांस्नी सरकी आणाय गेलतो," बापू म्हणाला. "सरकी. तांदूळ न्हाय."

"सरकीबरुबर सुपारी घेतलीस व्हय?" सुमननं विचारलं.

जाधवबाई परोपरीनं सांगत होत्या, "करणीबिरणी काही नसतं. पोरांच्या समोर असलं बोलू नका." कोण ऐकतोय? पोरंच सगळ्यात पुढं सरकून बघत होती.

बापूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मिशीवाला गडी. "चला देवळात," म्हणाला. "भंडारा उचलून शपथ घेतो. मी खोली मागितली, पर पोरांच्या वाटंला वाईट चिंतलं न्हाय."

"चला," म्हणून अर्धी खोली उठलीसुद्धा.

केतकी मात्र पेटीपाशीच बसलेली. तिची मूठ मिटलेली होती, आणि मुठीतनं हिरव्या खणाचा काठ दिसत होता. माझ्याच ट्रंकेतला खण. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मूठ आणखी घट्ट केली. पोरगी मला झाकत होती.

खरं सांगू? गप्प बसावं असं वाटलं मला. माहेरच्या माणसांपुढं कुणाला वाटत नाही? पण काही न केलेला माणूस माझ्या तांदळापायी देवापुढं भंडारा उचलणार. आणि ह्या खोलीत पोरं पहिला धडा काय शिकणार, तर कॉम्प्युटर करणीनं बंद पडतो. मग मगदूमकाकूंनी तो दिला कशाला आणि केतकीनं घासला कशाला?

"देवळात नगो," मी म्हटलं. "त्यो तांदूळ माझा हाय."

कुणाला कळेचना.

"मी ओटी भरलीया," मी म्हटलं. "ह्याची."

"कुणाची?" सुमन.

"कॉम्प्युटरची."

मग बापूच पहिला हसला. पोत्यावर बसला आणि डोळे पुसत पुसत हसला. "आत्ती, तुम्ही मला भंडारा उचलायला लावणार हुता की."

"आजी," केतकी म्हणाली, "मी काय सांगितलं होतं? धूळसुद्धा न्हाय म्हटलेलं."

"मी धूळ कुठं घातली?"

"आणि हे काय?" तिनं दोन बोटांनी आतनं रुपया उचलला. नेमका जिथं पडू नये तिथं जाऊन बसला होता. वीज वाटेतच अडवून धरलेली. तिनं ब्रशनं दाणा न् दाणा काढला. एका पोरीनं दप्तरातला खोडरबर दिला, त्यानं ती हिरवी पट्टी घासली, परत बसवली. सगळी खोली श्वास धरून. बापूसुद्धा.

बटण दाबलं. पंखा भुर्र झाला. पडद्यावर उजेड आला, आणि मग एकामागं एक बाकीचे तिघंही जागे झाले.

पोरांनी जो गलका केला, तो मगदूमकाकूंना कोल्हापुरात ऐकू गेला असेल. बापूनं कुणी न सांगता हातगाडा मागं फिरवला.

जाधवबाई मला म्हणाल्या, "आत्ती, आता बसा तुम्ही खुर्चीत. पहिला मान तुमचा." खोडरबर देणारी ती पोरगी माझ्या शेजारी उभी राहिली, तिनं माझं बोट धरून एकेक बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी उमटलं. "हौसाबाई," तिनं वाचून दाखवलं. मी बराच वेळ बघत बसले. माझं नाव एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं.

सुमननं तेवढ्यात सगळा तांदूळ ताटात गोळा केला, हळकुंड, सुपारी, रुपया वर ठेवला. केतकीच्या मुठीतला खण घेतला आणि माझ्यापुढं उभी राहिली. "आत्ती, तुम्ही ह्या गावच्या लेकी. लेक माहेरी आली तर ओटी आम्ही भरायची. पदर पुढं करा."

मी पदर पुढं केला. डोळे भरून आले, काय सांगू. सुमन तांदूळ घालता घालता थांबली.

"सगळं हाय. नारळ तेवढा दिसंना. आत्ती, नारळाबिगर वटी भरलीसा व्हय?"

"छे," मी म्हटलं. "नारळाबिगर कशी भरंन?"

"मग कुठाय?"

तिकडं केतकी खुशीत प्रिंटरकडं निघाली होती. "आजी, थांब, तुझं नाव कागदावर छापून देते. जन्मभर जपून ठेव." एका हातात तिनं शाईची डबी घेतली, आणि दुसरा हात प्रिंटरच्या पुढच्या झाकणाला घातला.

"केतके," मी म्हटलं, "जरा थांब."

पण झाकण उघडलं होतं. आत, शेंडी वर करून, कपाळाला कुंकू लावून, नारळ अगदी ऐटीत बसला होता. केतकीनं ओढून बघितला. हलेना.

आणि दारातनं बापूचा आवाज आला.

"आत्ती, पोती आणू का?"